चौसष्ट आचारी आणि कोठीघराचीं दारें

मोठ्या लग्नघरांत पंगतीची वेळ टळूं लागली कीं घरचीं वडीलधारीं माणसें पहिला विचार करतात तो आचारी वाढविण्याचा. चार आचारी होते तेथें आठ बोलवावे, आठ होते तेथें सोळा. कांहीं काळ हा उपाय लागूही पडतो. पण पुढें अशी एक घटका येते कीं चुली पेटलेल्या आहेत, आचारी हात बांधून उभे आहेत, आणि पंगत मात्र खोळंबलेलीच आहे. अशा वेळीं एखादी जाणती बाई कोठीघराकडे बोट दाखविते. साऱ्यांना लागणारें पीठ, तूप आणि गूळ एकाच अरुंद दारांतून बाहेर येत असतें, आणि तेथें रांग लागलेली असते. उणीव आचाऱ्यांची नसून दाराची असते.

संगणकाच्या जगांतही हाच अनुभव येत आला आहे. संगणकांतील सारी आकडेमोड करणाऱ्या भागास प्रोसेसर म्हणतात. पूर्वीं एका प्रोसेसरांत आकडेमोड करणारा घटक एकच असे. त्याची गति जों जों वाढवावी तों तों त्याची उष्णताही वाढे; आणि २००५ सालच्या सुमारास ही वाट जवळजवळ खुंटली. तेव्हां एकाच प्रोसेसरांत असे अनेक घटक बसविण्याकडे कारागिरांचें लक्ष वळलें. या घटकास कोअर असें नांव आहे. दोनाचे चार, चारांचे आठ, असें होतां होतां २०१९ सालीं ए. एम्. डी. या अमेरिकन कंपनीच्या प्रोसेसरांत कोअरांची संख्या ६४ वर जाऊन पोंचली.

या ६४ कोअरांचे दोन प्रोसेसर शेजारीं ठेवून पाहिले असतां पुष्कळ कांहीं शिकावयास मिळतें. पहिला एपिक ७७४२. तो ऑगस्ट २०१९ मध्यें बाजारांत आला. तो सर्व्हरसाठीं, म्हणजे अनेकांची सेवा अहोरात्र करणाऱ्या संगणकासाठीं घडविलेला. दुसरा थ्रेडरिपर ३९९०एक्स. तो फेब्रुवारी २०२० मध्यें आला. तो वर्कस्टेशनसाठीं, म्हणजे एकाच कसबी माणसाच्या मेजापाशीं बसून जड काम उपसणाऱ्या संगणकासाठीं घडविलेला. दोघेही एकाच घराण्यांतले. दोहोंतही आठ आठ कोअरांच्या आठ लहान चिपा एका मध्यवर्ती चिपेभोंवतीं मांडलेल्या आहेत. आणि प्रत्येक कोअर एकाच वेळीं कामाचे दोन धागे हातीं घेऊं शकत असल्यामुळें दोहोंतही एकंदर १२८ धागे चालतात. हाताशीं ठेवावयाची जलद मेमरी, जिला कॅश म्हणतात, तिचा सर्वांत मोठा सांठा दोहोंत सारखाच, २५६ मेगाबाइट आहे. पण बाजारांत उतरतांना पहिल्याची किंमत ६,९५० डॉलर होती आणि दुसऱ्याची ३,९९० डॉलर. एवढें साम्य असतां किंमतींत एवढें अंतर कां, असा प्रश्न कोणाही व्यवहारी गृहस्थाच्या मनांत उभा राहील.

वेगाकडे पाहिलें तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो. थ्रेडरिपराचा मूळ वेग २.९ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदास २९० कोटि ठोके, एपिकचा २.२५ गिगाहर्ट्झ, म्हणजे २२५ कोटि ठोके. थोडक्याच कोअरांवर काम असलें तर पहिला ४.३ पर्यंत चढतो, दुसरा ३.४ पर्यंत. म्हणजे स्वस्त तोच चपळ! ज्याची नजर जाहिरातींतील आकड्यांवरच खिळली आहे, तो येथेंच निर्णय करून मोकळा होईल.

पण कोठीघराचीं दारें अद्याप मोजावयाचीं आहेत. प्रोसेसराला लागणारी सामग्री मुख्य मेमरींतून येते, आणि ती येण्याच्या मार्गास चॅनेल म्हणतात. थ्रेडरिपर ३९९०एक्सला असे चार चॅनेल आहेत, एपिक ७७४२ ला आठ. दोहोंची मेमरी ३२०० प्रतीची धरली, तर दर चॅनेलांतून सेकंदास जास्तींत जास्त २५.६ गिगाबाइट सामग्री येऊं शकते. एकंदर हिशेब केला तर थ्रेडरिपराला सुमारें १०२ गिगाबाइट मिळतात आणि एपिकला सुमारें २०५. तीच ६४ जणांत वांटली कीं एका बाजूस प्रत्येकाच्या वांट्याला १.६ गिगाबाइट येतात, दुसऱ्या बाजूस ३.२. कोठीघराच्या आकारांतही असाच भेद आहे. थ्रेडरिपरापाशीं २५६ गिगाबाइट मेमरी बसविण्याची सोय. एपिकपाशीं ४ टेराबाइट, म्हणजे सोळा पट. शिवाय एकाच यंत्रांत दोन एपिक जोडीनें नांदूं शकतात. थ्रेडरिपर एकटाच राहतो. बाहेरचीं उपकरणें जोडण्याचे मार्गही एकास १२८ आणि दुसऱ्यास ६४ आहेत.

आतां कोणता श्रेष्ठ? याचें उत्तर प्रोसेसराला विचारून मिळावयाचें नाहीं. तें कामाला विचारावें लागतें. चलच्चित्रांचीं दृश्यें संगणकावर रंगवून काढणाऱ्या कलागृहाचें उदाहरण घ्यावें. तेथें एका चित्राचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येक कोअराकडे एकेक सोंपवितां येतो. त्या चौकोनापुरती सामग्री बऱ्याच अंशीं कॅशमध्येंच मावते, कोठीघराकडे खेपा थोड्या पडतात, आणि चपळ हातांचा थ्रेडरिपर बाजी मारतो. उलट, हवामानाचें भाकित करणारी आकडेमोड पाहावी. तेथें वातावरणाच्या लक्षावधि बिंदूंचें तपमान, दाब आणि वारा हीं सतत मेमरींतून आणावीं लागतात व परत ठेवावीं लागतात. प्रत्येक बिंदूवरील गणित थोडें आणि ने-आण फार. तेथें चपळ आचारी दाराशीं ताटकळत राहतात, आणि आठ दारांचा संथ एपिक पुढें निघून जातो. ज्या प्रयोगशाळेनें केवळ गतीच्या आकड्यावर भुलून असल्या कामासाठीं पैसा खर्चिला, तिनें दोन हजारांहून अधिक डॉलर वांचविले खरे. पण एका रात्रींत संपणारें काम दुसऱ्या दिवसावर गेलें, तर ती बचत कसली?

याहून मूलगामी अशी आणखी एक मर्यादा आहे. अमेरिकन संगणकतज्ज्ञ जीन अॅमडाल यांनीं १९६७ मध्यें ती मांडली. कोणत्याही कामाचा कांहीं भाग असा असतो कीं तो वांटून देतां येत नाहीं. पुरण शिजून वाटल्यावांचून पोळी लाटतां येत नाहीं. तेथें पन्नास पोळपाट मांडून उपयोग नाहीं. कामाचा केवळ पांच टक्के भाग असा अविभाज्य असला, तर ६४ कोअर लावूनही काम ६४ पट जलद होत नाहीं. तें सुमारें १५ पटच होतें, आणि कोअर कितीही वाढविले तरी २० पटींच्या पलीकडे जात नाहीं. अविभाज्य भाग एक टक्का असला तरी ६४ कोअरांचें फळ सुमारें ३९ पटच मिळतें. म्हणून दफ्तराचें, पत्रव्यवहाराचें किंवा साध्या जमाखर्चाचें काम करणाऱ्यानें या दोहोंच्याही वाटेस जाऊं नये. थोडे पण चपळ कोअर असलेला स्वस्त प्रोसेसर त्यास अधिक सुखाचा होय.

काम वांटणारा कारभारी जुन्या वळणाचा असला तरीही घात होतो. २०२० मध्यें थ्रेडरिपर विकत घेणाऱ्या कित्येकांना हा अनुभव आला. विंडोज ही संगणकाचा कारभार पाहणारी प्रणाली ६४ धाग्यांचा एक गट करते. १२८ धाग्यांचे दोन गट झाले, आणि दोन गटांची जाण ठेवून न लिहिलेले प्रोग्रॅम एकाच गटांत राबत राहिले. दुसरा गट स्वस्थ बसला! दुहेरी धाग्यांची सोय बंद करून ६४ च धागे ठेवणें, हाच तेव्हां अशा प्रोग्रॅमांपुरता सोपा उपाय होता. पुढें २०२१ मध्यें आलेल्या विंडोज ११ पासून ही अडचण बरीच दूर झाली.

विजेचा हिशेबही गृहस्थानें विसरूं नये. थ्रेडरिपराची उष्णतामर्यादा २८० वॅट, एपिकची २२५. वर्षभर अहोरात्र दोघेही आपापल्या मर्यादेवर चालले, तर ५५ वॅटांच्या या अंतराचे सुमारें ४८० युनिट होतात. दिवसा चालून रात्रीं विसांवणाऱ्या यंत्रास हा भेद जाणवणार नाहीं; शेंकडों सर्व्हर चालविणाऱ्या संस्थेस तो दर महिन्याच्या बिलांत दिसेल.

पुण्याच्या सी-डॅक या संस्थेतील परम सिद्धि या महासंगणकांत एपिक ७७४२ च योजिलेला आहे. नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादींत त्या महासंगणकाचा क्रमांक ६३ वा होता. तेथें मुख्य आकडेमोड ग्राफिक्सच्या चिपा करतात. एका पेटींत अशा आठ चिपा असतात, आणि त्यांना सामग्री पोंचविण्याचें काम एपिकच्या जोडीकडे आहे. आचाऱ्याच्या चपळाईपेक्षां दारांच्या संख्येला तेथें अधिक मोल कां, हें यावरून सहज कळेल.

चपळ हात आणि पुष्कळ दारें एकत्र मिळावीं, ही इच्छा गिऱ्हाइकांत होतीच. जुलै २०२० मध्यें त्याच कंपनीनें ६४ कोअरांचा थ्रेडरिपर प्रो ३९९५डब्ल्यूएक्स जाहीर केला. त्याला आठ चॅनेल आणि २.७ गिगाहर्ट्झचा मूळ वेग होता. दारें कमी पडत होतीं, याची ही निर्मात्यानेंच दिलेली कबुली म्हटली तरी चालेल.

तेव्हांपासून काळ पुढें गेला आहे. २०२४ मध्यें एपिकच्या एका प्रकारांत कोअरांची संख्या १९२ झाली, आणि चॅनेलही बारा झाले होते. आंकडे असेच वाढत राहतील. पण उद्यां कोणी घरांतील मुलासाठीं, कारखान्यासाठीं वा महाविद्यालयासाठीं मोठा संगणक घ्यावयास निघाला, तर त्यानें दुकानदारास प्रथम कोअर किती हें विचारूं नये. आपलें काम किती जणांत वांटतां येतें आणि त्याला सामग्री किती लागते, हें त्यानें आधीं स्वतःस विचारावें. त्याचें उत्तर हातीं असल्यावर किंमतीच्या चिठ्ठीवरील आंकडा महाग कीं स्वस्त, हें ठरविणें फारसें अवघड राहत नाहीं.