या उलट्यांना डोहाळे म्हणू नका

(सोनगीर, जि. धुळे येथे बचत गटांच्या बैठकीत केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



आज एका सुनेची गोष्ट सांगते. तिच्या परवानगीने, पण नाव न घेता. तिसऱ्या महिन्यात तिला पाणीसुद्धा पचत नव्हतं. दिवसाला दहा-बारा उलट्या. 44 किलोची पोर 38 वर आली, तेही आशाताईंनी काट्यावर उभी केली म्हणून कळलं. सासू काही वाईट बाई नव्हे. ती म्हणायची, "व्हसच असं, माय." नवरा म्हणायचा, नाटकं. कापूस वेचायला जाणं काही सुटलं नाही. एका खाजगी दवाखान्यात तीनदा सलाईन लावून घरी पाठवलं. लघवी तपासली नाही, वजन केलं नाही. आठव्या महिन्यात ती बाळंत झाली. बाळ 1700 ग्रॅमचं. काचेच्या पेटीत राहिलं आणि जगलं.

एका बाईवरून, उलट्यांमुळेच बाळ लवकर आलं, असं मी म्हणणार नाही. पण 2006 साली कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. उलट्यांमुळे दवाखान्यात भरती झालेल्या ज्या बायकांचं वजन पूर्ण गरोदरपणात सात किलोही वाढलं नाही, त्यांची बाळं 37 आठवड्यांआधी आणि कमी वजनाची होण्याचं प्रमाण जास्त निघालं. ज्यांचं वजन पुढे भरून आलं, त्यांच्यात फारसा फरक दिसला नाही. म्हणजे घात करते ती उपासमार. आणि उपासमार थांबवता येते! हे सात किलो तिथल्या बायकांचे, बरं का. आपल्याकडे मुळातच चाळीस-पंचेचाळीस किलोची पोर दिवस राहून कामाला जाते.

साधी मळमळ बहुतेक गरोदर बायांना होते. हा आजार वेगळा. शंभरात फार तर दोन-तिघींना होतो. ओळखायचा कसा? पाणी पोटात ठरत नाही, लघवी कमी आणि गडद होते, उभं राहिलं की चक्कर येते, आणि वजन घटतं. 45 किलोच्या बाईचं सव्वादोन किलो घटलं तरी डॉक्टर गाठायचा. चौथ्या-पाचव्या महिन्यातही उलट्या चालूच असतील, तर रक्तदाबाकडे जास्त लक्ष हवं.

"मनाचे खेळ" म्हणणाऱ्यांसाठी सांगते. मार्लेना फेझो ही अमेरिकन शास्त्रज्ञ. 1999 साली याच आजारात तिचं बाळ पोटातच गेलं, आणि तिच्या डॉक्टरला वाटत होतं की बाई लक्ष वेधून घेतेय. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2023 मध्ये दाखवून दिलं की गर्भ आणि वारेतून येणारं जीडीएफ-15 नावाचं संप्रेरक यामागे आहे. दिवस जाण्याआधी ज्या बाईच्या अंगात ते कमी असतं, तिला त्याचा जास्त त्रास होतो. यात नाटक कुठे आलं?

आता दवाखान्यात काय विचारायचं ते ऐका. लघवीत किटोन तपासले का? गरोदरपणात चालणारी उलटीची औषधं आहेत, ती का देत नाही? आणि फार दिवस पोटात काही नसेल, तर ग्लुकोजच्या बाटलीआधी बी-1 जीवनसत्त्व दिलं का? ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. हे विचारताना लाजू नका, डॉक्टर रागावला तरी विचारा.

पैशांचं म्हणाल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून आहे. सरकारी रुग्णालयात गरोदर बाईला तपासणी, औषधं, जाण्यायेण्याची गाडी फुकट. धुळ्याचं हिरे वैद्यकीय महाविद्यालय इथून वीसेक किलोमीटरवर, तेही हायवेने. अडतं ते घरातून निघण्यापाशी.

हा आजार एकदा झाला की पुढच्या खेपेला पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते. ती सून आता पुन्हा दोन महिन्यांची आहे, उलट्या सुरू झाल्यात. या वेळी सासूच तिला अंगणवाडीत वजनाला घेऊन आली. सोमवारी तिला धुळ्याला न्यायचंय. बरोबर कोण येणार आणि तिच्या मोठ्या लेकराला कोण सांभाळणार, ते आत्ता उठायच्या आधी ठरवू या.