श्रवण आणि सहवास

[नभोवाणीवरील भाषण]



म्हसवडासारख्या गांवीं बसून कोणी कॅथॉलिक पंथाच्या नव्या श्राव्य वाङ्मयाविषयीं बोलूं लागला, तर आपणांपैकीं कित्येकांस त्याचें नवल वाटेल. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील हा कोरडा मुलूख; माणगंगेच्या कांठचें हें गांव सिद्धनाथ-जोगेश्वरीचें. येथें कॅथॉलिक कुटुंब आढळलेंच, तर तें बहुधा नोकरीनिमित्त बदलून आलेलें असावयाचें. परंतु ज्या प्रश्नाचा मला आज विचार करावयाचा आहे, तो म्हसवडास अनोळखी नाहीं. दूर बसलेल्या माणसाचा केवळ आवाज घरांत रोज येऊं लागला, म्हणजे त्या घराच्या श्रद्धेचें काय होतें, हा तो प्रश्न.

म्हसवडास स्वतःची नभोवाणी आहे. ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हें सामुदायिक केंद्र येथें २००८ सालीं सुरू झालें. ज्या माणदेशी परिवारानें तें काढलें, त्यानेंच १९९७ सालीं स्त्रियांची सहकारी बँक उभी केली. आणि त्या बँकेचा परवान्यासाठीं केलेला पहिला अर्ज नाकारला गेला होता, तो सभासद स्त्रियांस लिहितां-वाचतां येत नाहीं म्हणून. ज्या मुलखांत अक्षर उशिरा पोंचलें, तेथें आवाजाची किंमत कोणी समजावून सांगावयास नको. हात कामांत गुंतलेले असतात, डोळे हातांकडे असतात. कान तेवढा मोकळा असतो. जात्यावरची ओवी या मोकळ्या कानासाठींच जन्मास आली.

‘पॉडकास्ट’ नांवाचा जो नवा प्रकार आज सुशिक्षित घरांत रुळला आहे, त्याचेंहि मूळ या मोकळ्या कानांतच आहे. ऐकणाऱ्याची वाट पाहत थांबणारी नभोवाणी, अशी त्याची ओळख करून देतां येईल. सकाळीं सहाचें कीर्तन सात वाजतां उठणाऱ्याच्या हातून जातें. पॉडकास्ट जात नाहीं. कणीक मळतांना, लोकलच्या डब्यांत उभ्याउभ्या, आजाऱ्याच्या उशाशीं, केव्हांहि तें सुरू करावें. अमेरिकेंत माईक श्मिट्झ नांवाच्या कॅथॉलिक धर्मगुरूनें १ जानेवारी २०२१ पासून एका वर्षांत संपूर्ण बायबल वाचून दाखविण्याचा उपक्रम आरंभिला. रोज वीस-पंचवीस मिनिटांचा एक भाग, असे ३६५ भाग. वाचन, थोडें विवरण आणि एक प्रार्थना, यापलीकडे त्यांत कांहीं नाहीं. तरीहि आरंभींच्या दिवसांतच तो उपक्रम त्या देशांतील ॲपलच्या यादींत, सर्व प्रकारच्या करमणुकीस मागें टाकून, पहिल्या जागीं जाऊन बसला. बायबल त्या लोकांच्या घरीं नव्हतें काय? होतें, पण तें कपाटांत होतें. आपल्याकडे ज्ञानेश्वरीची गत याहून फार निराळी आहे, असें छातीवर हात ठेवून किती जण म्हणतील?

कॅथॉलिक माणसाचा दिवस पूर्वींहि कानानेंच बांधलेला असे. सकाळीं, दुपारीं आणि सायंकाळीं चर्चची घंटा वाजे आणि त्या ठोक्यांवर हातांतलें काम क्षणभर थांबे. शहरांच्या गलबल्यांत ती घंटा हरवली. तिची जागा आज मोबाइलवरच्या आवाजानें घेतली आहे, असें म्हटलें तर चुकीचें होणार नाहीं. मात्र एक भेद राहतोच. घंटा साऱ्या वस्तीसाठीं एकदम वाजत असे. हा नवा आवाज एकट्याच्या कानांत वाजतो.

हा भेद नीट उमजावा म्हणून थोडें मागें जाऊं. मराठी भाषेंत ख्रिस्ती श्रवणाची परंपरा चारशें वर्षांची आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला आणि त्यानें येथील भाषेंत, येथील ओवींत, ‘ख्रिस्तपुराण’ रचलें. १६१६ सालीं तें रायतूर येथें छापून निघालें. छपाई रोमन लिपींत, पण घाट सर्वस्वीं आपल्या पुराणांचा. ओव्या जवळजवळ अकरा हजार. ग्रंथाच्या आरंभींच असा प्रसंग आहे कीं, नवख्रिस्ती झालेला एक जण गुरूस विचारतो, ‘आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं सोडावयास लावलींत, मग त्यांच्या जागीं दुसरें कांहीं द्याल कीं नाहीं?’ या प्रश्नांत मोठें शहाणपण आहे. मत बदललेल्या माणसास नवें मत मिळालें होतें; त्यास हवें होतें तें संध्याकाळीं चारचौघांत बसून ऐकावयाचें कांहीं तरी. स्टीफन्सनें तें ओळखलें. एकानें मोठ्यानें वाचावें आणि भोंवतीं बसलेल्यांनीं ऐकावें, अशासाठींच तें पुराण होतें. पुराण ऐकणारा माणूस शेजाऱ्याच्या खांद्यास खांदा लावून बसलेला असे, ही गोष्ट त्या काळीं मुद्दाम सांगण्याजोगी नव्हती. आज ती सांगावी लागते.

पुढें यंत्र आलें. १२ फेब्रुवारी १९३१ रोजीं व्हॅटिकनची नभोवाणी सुरू झाली. ती उभारली खुद्द मार्कोनीनें, आणि पोप अकरावे पायस तिच्यावरून लॅटिनमधून बोलले. रोमचा आवाज एकाच क्षणीं साऱ्या खंडांत ऐकूं गेला. त्या दिवसापासून कॅथॉलिक जगांत हा प्रश्न उभाच आहे कीं, आवाज पोंचला म्हणजे सारें पोंचलें काय?

याचें उत्तर २०२० सालानें दिलें. त्या मार्चमध्यें देवळें, मशिदी आणि चर्चें सारींच बंद झालीं. २७ मार्च रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं रोमच्या रिकाम्या चौकांत पावसांत उभें राहून प्रार्थना केली आणि ती जगानें पडद्यावर पाहिली. १२ एप्रिलचा ईस्टर वसईच्या घराघरांतून वीतभर पडद्यासमोर साजरा झाला. ऐकावयाचें तें सर्व ऐकूं आलें: शास्त्रवाचन ऐकूं आलें, प्रवचन ऐकूं आलें, गीतें ऐकूं आलीं. अडलें तें एकाच ठिकाणीं. मिस्सा शेवटाकडे आली म्हणजे धर्मगुरु जी पवित्र भाकर देतात, ती कांहीं पडद्यांतून हातीं येईना. प्रत्यक्ष प्रसाद मिळत नसेल तेथें मनोमन त्याची इच्छा धरावी, असा कॅथॉलिकांत जुना परिपाठ आहे. अठराव्या शतकांतील संत आल्फान्सो लिगोरी यांची तशी एक प्रार्थना त्या दिवसांत जगभर म्हटली गेली. पण भुकेल्यानें जेवणाची इच्छा धरणें आणि जेवणें या दोन गोष्टी भिन्नच. व्हॅटिकननें २००२ सालींच एका पत्रकांत स्पष्ट केलें होतें कीं, इंटरनेटवर संस्कार होत नाहींत. २०११ सालीं पापनिवेदनाच्या तयारीस साह्य करणारें एक ॲप निघालें, तेव्हांहि रोमहून खुलासा झाला कीं, तयारी हवी तर यंत्रावर करा. निवेदन मात्र धर्मगुरूपुढें समक्षच झालें पाहिजे.

आम्हां इतरांस हें कर्मठपणाचें वाटण्याचें कारण नाहीं. त्याच वर्षीं पंढरीची पायीं वारी रद्द झाली, परंतु ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका ३० जून रोजीं एस.टी.च्या बसमधून पंढरपुरास गेल्याच. पादुकांचें चित्र पडद्यावर दाखवून भागलें नाहीं.

तरीहि वारकऱ्याची आणि कॅथॉलिकाची अडचण अगदीं सारखी नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. नवविधा भक्तींत श्रवण हीच पहिली भक्ति. बाबामहाराज सातारकर २०२३ सालीं गेले, पण त्यांच्या आवाजांतील हरिपाठ आजहि कित्येक घरांत दिवेलागणीस लागतो. नाम आणि नामी यांत अंतर न मानणाऱ्यास यंत्रांतून आलेलें नाम हें नामच आहे. कॅथॉलिकास तेवढ्यावर थांबतां येत नाहीं. शब्द देही झाला, हाच त्याच्या श्रद्धेचा गाभा. म्हणून देहावांचूनचा शब्द त्यास अर्धाच वाटतो. या दृष्टीनें कार्लो अकुतिस या मुलाचें चरित्र मोठें बोलकें आहे. संगणकाची आवड असलेला हा इटालियन मुलगा २००६ सालीं वयाच्या पंधराव्या वर्षीं वारला आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजीं पोप लिओ चौदावे यांनीं त्यास संत म्हणून घोषित केलें. इंटरनेटवर त्यानें परिश्रमानें काय मांडून ठेवलें होतें? त्या पवित्र भाकरीसंबंधीं सांगितले जाणारे चमत्कार. इंटरनेटवर जी वस्तु मिळत नाहीं, तिच्याकडे जाण्याची वाट त्यानें इंटरनेटवर दाखविली. श्राव्य उपदेश करणाऱ्यांनीं यापेक्षां अधिक कांहीं करूं जाऊं नये, असें मला वाटतें.

कारण अधिक करूं गेलेल्याचें उदाहरण इतिहासांत आहे. चार्ल्स कॉग्लिन हा डेट्रॉइटजवळचा एक धर्मगुरु. १९२६ सालीं तो नभोवाणीवरून बोलूं लागला, तो प्रथम धर्माविषयीं आणि मुलांसाठीं. पुढें मंदीच्या वर्षांत तो राजकारणावर आला. श्रोते लाखोंनीं वाढले. आणि अखेर यहुदी लोकांविषयींचा द्वेष तो उघड पसरवूं लागला. १९४२ सालीं बिशपनें त्यास आपल्या धर्मग्रामापुरतें काम करण्याची आज्ञा केली. त्याच्या आवाजांत जादू होती, असें सांगतात. असेलहि. पण लाखों श्रोत्यांपैकीं एकासहि त्याचें बोलणें मध्येंच थांबवून ‘हें तुम्ही काय बोलतां?’ असें विचारण्याची सोय नव्हती.

आजच्या ऑनलाइन मंडळांत विचारण्याची सोय आहे, हें खरें. मात्र तेथें जमतात ते बहुधा एकाच मताचे. कोणास जुनी लॅटिन उपासना प्रिय, तो तसल्यांत जातो. कोणास समाजकार्याची ओढ, तो तसल्यांत. धर्मग्रामाची गोष्ट वेगळी. त्यास हद्द असते, आणि हद्दींत राहणारा प्रत्येक जण त्यांत येतोच. ज्याच्याशीं बांधाचा तंटा चालला आहे तो शेजारी पुढच्याच बांकावर बसलेला असतो, आणि मिस्सा चालू असतां त्याच्याकडे वळून त्यास शांतीचें अभिवादन करावें लागतें. मला तर वाटतें, प्रवचनापेक्षां त्या एका क्षणाची शिकवण कठीण. मोबाइलवरच्या समूहांतून नकोसा माणूस बोटाच्या एका स्पर्शानें दूर होतो.

आतां वसईच्या घरांत काय घडत आहे तें पाहा. तेथील कॅथॉलिकांनीं आपली मराठी निष्ठेनें जतन केली. ‘सुवार्ता’ मासिकाचें संपादन अनेक वर्षें करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं ‘सुबोध बायबल’ मराठींत आणलें. २०२० च्या जानेवारींत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें. २५ जुलै २०२४ रोजीं ते निवर्तले. संध्याकाळीं सारें घर एकत्र बसून जपमाळ म्हणतें, ही तिकडची जुनी रीत; आजी पुढें म्हणावयाची, नातवंडांनीं मागून म्हणावयाचें. कित्येक घरांत ती सामवेदी बोली कानीं पडते. आज त्याच घरांतला नातू कानांत यंत्र घालून अमेरिकन धर्मगुरूचें प्रवचन ऐकतो. प्रवचन चांगलें असतें, आजीच्या जपापेक्षां त्यांत ज्ञानहि अधिक असतें. पण नातवाचा देव अमेरिकन उच्चारांत बोलूं लागतो आणि आजीचा देव सामवेदींत राहतो; एका छपराखालीं दोघांची गांठ पडत नाहीं. मुलगा धार्मिक झाला म्हणून आईबाप समाधान मानतात. जपमाळेच्या वेळीं तो खोलीबाहेर येत नाहीं, हें त्यांच्या ध्यानांत उशिरा येतें.

उलट बाजूहि पाहिली पाहिजे. आखाती देशांत किंवा कॅनडांत गेलेल्या वसईकरास मराठी मिस्सा कोठून मिळावी? त्यास गांवाकडून मोबाइलवर आलेलें मराठी गीत हा केवढा आधार! म्हसवडास बदलून आलेल्या कुटुंबाचीहि हीच कथा. आठवडाभर त्यांनीं मोबाइलवर खुशाल ऐकावें, रविवारीं एस.टी. धरून साताऱ्याकडे जाण्याचा कंटाळा त्या ऐकण्यामुळें येऊं लागला, तर मात्र त्या आवाजानें त्यांचें नुकसान केलें असें म्हणावें लागेल. यंत्र तेंच, आवाजहि तोच. एकाच्या घरीं तो माणसें जोडतो आणि दुसऱ्याच्या घरीं तोडतो. म्हणून सुज्ञ पालकांनीं मुलगा काय ऐकतो याच्या चौकशीबरोबर तो कोणाबरोबर ऐकतो याचीहि चौकशी करावी. एखाद्या संध्याकाळीं तेंच प्रवचन मोठ्यानें लावून आजीस मराठींत समजावून सांगण्याचें काम नातवावर सोंपवून पाहावें. चारशें वर्षांपूर्वीं स्टीफन्सनें दुसरें काय केलें होतें?

सामुदायिक नभोवाणीस सरकारी नियमानें फार थोडी शक्ति मिळते. शंभर वॅट ही मर्यादा. तिचा आवाज भोंवतालच्या गांवांपलीकडे जात नाहीं. प्रथम हें मला तिचें उणें वाटे. परंतु त्यामुळें ऐकणारा आणि ऐकविणारा एकाच बाजारांत येतात, एकाच मार्गशीर्ष प्रतिपदेस सिद्धनाथाच्या रथापुढें गुलालांत उभे राहतात. काल केंद्रावर गायिलेल्या बाईस आज भाजीच्या पाटीपाशीं कोणी तरी हटकतेंच, ‘मावशी, काल अभंग अर्धाच सोडला व्हय?’ आणि पाटी खालीं ठेवून मावशीस उत्तर द्यावें लागतें.