पडद्यावरचा रंग आणि कागदावरची शाई

श्रोतेहो, रहाटणीत लग्नपत्रिका छापून आली, की एक तक्रार हमखास ऐकू येते : संगणकावर झळकणारा निळा रंग कागदावर मळका का उतरला? पैसे अडतात, अन् छापणारा बिचारा लबाड ठरतो! वास्तविक पडदा स्वतः प्रकाश फेकतो—तांबडा, हिरवा, निळा. तिन्ही पूर्ण तेजाने मिसळले की पांढरा. शाई उलट प्रकाश गिळते. उरलेला तेवढा कागद परत करतो. कित्येक झगझगीत छटा नेहमीच्या चार शायांच्या आवाक्यातच नसतात.

मूळ तैलचित्राचा रंग छापात आणण्याचा खटाटोप राजा रविवर्म्यांच्या छापखान्यानेही केला. १८९४ साली मुंबईत निघालेला हा छापखाना पुढे इथून जवळच मळवलीस गेला. एकेका छटेला तिथे वेगळा दगड लागे!

म्हणून आधी त्याच कागदावर एक नमुना काढवावा, दिवसाच्या उजेडात पाहावा, पसंत पडल्यास त्यावर सही करावी. पाचशे प्रती मग.