पाचवे शील आणि आपला संसार

(वाशिम जिल्ह्यातील नवदीक्षित कुटुंबांपुढे दिलेले भाषण)



आपण त्रिशरण आणि पंचशील ग्रहण केले. परमपूज्य बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आपणही उच्चारल्या. त्यांतील सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे. ती उच्चारण्यास एक क्षण पुरतो, पाळण्यास मात्र सारे आयुष्य लागते. आणि ती मोडली, तर तिचा दंड पिणारा एकटा भरीत नाही. त्याची पत्नी भरते, मुले भरतात, म्हातारी आई भरते. म्हणून ही प्रतिज्ञा साऱ्या घराची आहे, असे मी मानतो आणि त्याच दृष्टीने आज तिच्याविषयी बोलणार आहे.

आपल्या जिल्ह्याची स्थिती आपणांस ठाऊकच आहे. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत शेतकऱ्याच्या वा मजुराच्या घरी रोख पैसा वर्षातून एकदोनदाच येतो. अशोक विजयादशमीस आपण दीक्षाभूमीचे स्मरण करतो, त्याच सुमारास सोयाबीन निघते. पुढे कापूस येतो, तूर येते. हा पैसा घरी पोहोचण्यापूर्वी दारूच्या दुकानात गेला, तर पुढील पेरणीचे बियाणे उधारीवर आणावे लागते, थोरल्या मुलीची शाळा सुटते आणि पत्नीच्या अंगावरील मणी-डोरले सावकाराकडे जाते. ज्या दिवशी आपण धम्माचा जयजयकार करतो, त्याच दिवसांत आपल्या घरात धम्माची परीक्षा होत असते.

दारूने पैसा जातो, हे सर्वांस दिसते. तिने घराची घडी कशी बदलते, हे मात्र फार थोड्यांस दिसते. पती शुद्धीवर नसतो, म्हणून पत्नी हळूहळू साऱ्या जबाबदाऱ्या आपल्या शिरावर घेते. मजुरी तीच आणते, उधारी तीच फेडते, पाहुण्यांपुढे खोटे तीच बोलते. “त्यांना बरे नाही,” हे तिचे ठरलेले उत्तर होते. मुले बापाच्या पावलांच्या आवाजावरून रात्र कशी जाणार, याचा अंदाज घेऊ लागतात. त्यातही नवदीक्षित घरातील स्त्रीवर एक जास्तीचे ओझे असते. “गावाची नजर आपल्यावर आहे, बोभाटा झाला तर धम्माची नाचक्की होईल, तेव्हा गप्प बस,” असे तिला आपलीच माणसे सांगतात. बंधूंनो, ही शिकवण धम्माची नव्हे. धम्माची नाचक्की पिणाऱ्याने केलेली असते. मार खाणारीने तोंड उघडल्याने ती होत नसते.

तथागतांनी या विषयावर गृहस्थास दिलेला उपदेश सिगालोवाद सुत्तात आहे. सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगाल नावाच्या तरुणास भगवंतांनी मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले: धनाचा नाश, कलहाची वाढ, रोगांचे घर, अपकीर्ती, लज्जेचा लोप आणि बुद्धीचा ऱ्हास. त्यांत पापपुण्याची धमकी नाही. प्रत्येक परिणाम डोळ्यांनी पाहता येण्याजोगा आहे. त्याच सुत्तात पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: पत्नीचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातील अधिकार तिच्या स्वाधीन करणे आणि तिला वस्त्रालंकार देणे. यांपैकी चौथे कर्तव्य ध्यानात ठेवा. त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

बाबासाहेबांनीही या प्रश्नात स्त्रीस दुबळी मानले नाही. महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी, डिसेंबर १९२७ मध्ये, त्यांनी आपल्या माताभगिनींस बजावले होते की, नवरा असो वा मुलगा, दारू पिऊन घरी आला तर त्यास जेवू घालू नका. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी सांगितले की, पत्नीने पतीची मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी होऊ नये. दारू ही घरातील विषमतेस बळ देणारी गोष्ट आहे, आणि ती हटविताना स्त्रीचा अधिकार वाढला पाहिजे, हा या दोन्ही उपदेशांचा अर्थ होय.

आता पिणाऱ्या बंधूंशी दोन शब्द. प्रतिज्ञा घेतली आणि तरीही हात थरथरतो, सकाळी घोट घेतल्याशिवाय उभे राहवत नाही, अशी ज्यांची अवस्था आहे, त्यांनी स्वतःस केवळ पापी समजून लपून बसू नये. ज्या वर्षी दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी धम्म स्वीकारला, त्याच १९५६ साली अमेरिकेतील वैद्यकीय संघटनेने दारूचे व्यसन हा आजार असल्याचे मान्य केले. आजार म्हटल्याने जबाबदारी संपत नाही. उपचार घेण्याची जबाबदारी सुरू होते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली, तर दोनतीन दिवसांत झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार घडतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून खोलीत कोंडून घालणे, अंगारा लावणे, गुपचूप औषध पाजणे हे सर्व सोडा आणि जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांकडे चला. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा शासकीय दूरध्वनी क्रमांक आहे. पुण्यास डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या मुक्तांगण केंद्रात रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबासही उपचारात सामील करून घेतात. अमेरिकेत तर पिणाऱ्यांच्या पत्नींनी व नातलगांनी १९५१ साली अल-ॲनॉन ही आपली स्वतंत्र संघटना उभारली. व्यसनाचा घाव साऱ्या घरास लागतो आणि तो साऱ्या घराने भरून काढावयाचा असतो, हे त्यामागील सूत्र आहे.

दारू सुटली म्हणजे संसार सावरला, असा आपला समज असतो. वकिलीच्या व्यवसायात मी याच्या उलट पुष्कळदा पाहिले आहे. पती तीन महिने कोरडा राहतो आणि म्हणतो, “आता मी सुधारलो, कपाटाची किल्ली इकडे दे.” पत्नीने दहा वर्षे ज्या हातांनी घर राखले, ते हात एकदम रिकामे करण्यास ती भिते. तो म्हणतो, तुझा विश्वास नाही. ती म्हणते, विश्वास एका दिवसात कसा येईल? ती त्याचा श्वास हुंगते, खिसे तपासते, तो चिडतो. मुले आईचेच ऐकतात, याचाही त्यास राग येतो. पिण्याच्या काळात जे घर मोडले नाही, ते दारू सुटल्यावर मोडावयास येते.

येथे सिगालोवाद सुत्तातील ते चौथे कर्तव्य आठवा. घरातील अधिकार पत्नीच्या स्वाधीन करणे हे निर्व्यसनी पतीचेही कर्तव्य आहे. मग व्यसनातून उठलेल्या पतीने तो परत मागण्याची घाई का करावी? निदान एक वर्ष पैशाचा व्यवहार पत्नीच्या हाती राहू द्या. विक्रीची रक्कम तिच्या खात्यात जाऊ द्या. लक्ष्मी मुक्ती योजनेखाली तहसीलदाराकडे अर्ज करून सातबाऱ्यावर तिचे नाव लावा. मुलांपुढे झाल्या गोष्टी मान्य करा. पत्नीनेही जुने उणेदुणे रोज काढू नये; संशय आला तर स्पष्ट विचारावे, टोमणा मारू नये. आणि पाय पुन्हा घसरला, तर ती गोष्ट लपविण्याऐवजी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. घसरणे हा शेवट नाही. लपविणे मात्र शेवटाकडे नेते.

जेथे पती ऐकत नाही, हात उगारतो, तेथे भगिनींनो, कायदा तुमच्या बाजूस आहे. आपण हिंदू धर्म सोडला असला, तरी १९५५ चा हिंदू विवाह कायदा कलम २ अन्वये बौद्धांसही लागू आहे. त्यात निव्वळ दारू पिणे हे घटस्फोटाचे कारण नाही. क्रूरता मात्र आहे. परंतु संरक्षण मिळण्यास घटस्फोट घ्यावाच लागतो, असे नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून मारहाणीस मनाई, राहत्या घरात राहण्याचा हक्क, खर्चासाठी रक्कम आणि मुलांचा ताबा मागता येतो. घर पतीच्या नावावर असले, तरी तुम्हांस बाहेर काढता येत नाही. पैसा अडवून ठेवणे, स्त्रीधन विकणे हीही त्या कायद्यात हिंसाच आहे. वकिलाची फी नाही, म्हणून थांबू नका. १९८७ च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० आणि संकटसमयी १८१ हे क्रमांक पाठ करा.

आणखी एक हत्यार तुमच्या हाती आहे, ते मताचे. २५ मार्च २००८ च्या शासकीय आदेशानुसार गावातील २५ टक्के स्त्री मतदारांनी लेखी मागणी केली, तर परवानाधारक दुकानासंबंधी गुप्त मतदान घेतले जाते. एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांनी आडव्या बाटलीस मत दिले, तर दुकान बंद होते. ‘एकूण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जी घरी बसली, तिचे मत दुकानदाराच्या पदरात पडल्यासारखेच होते. म्हणून त्या दिवशी म्हाताऱ्या आजीसही केंद्रावर न्या, आणि सर्व जातीच्या भगिनींस बरोबर घ्या. हातभट्टी तर मुळातच बेकायदा आहे. तिच्यासाठी मतदान नको, पोलीस व उत्पादन शुल्क खात्याकडे लेखी तक्रार पुरे.

शेवटी एकच मागणी करतो. आपल्या विहारात दर पौर्णिमेस आपण वंदना घेतो. वंदनेनंतर अर्धा तास राखून ठेवा. पिणे सोडू पाहणाऱ्याने तेथे उठून बोलावे, त्याच्या पत्नीने बोलावे, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणी हसू नये. प्रमाद टाळण्यासाठी तथागतांनी पाचवे शील दिले. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. एकमेकांस सावध ठेवणारे घर आणि एकमेकांस सावरून धरणारा संघ उभा राहिला, तरच सतरावी प्रतिज्ञा कागदावरून आपल्या उंबरठ्याच्या आत येईल.

जयभीम!