लेकीला गाव नको का झालं?

(प्रभागसंघाच्या नातेपुते येथील वार्षिक सर्वसाधारण सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर सभासदांच्या आग्रहावरून देत आहोत.)



"आपल्या गावाचं पुढं काय?" या विषयावर मला बोलायला सांगितलंय. विषय मोठा आहे. मी तो एकाच बाजूनं धरणार आहे. मीटिंगला बचत गोळा होते, हप्ते होतात, प्रोसिडिंग लिहून होतं, आणि उठता उठता कुणीतरी मावशी हळूच म्हणते, "ताई, तुम्ही एवढी गावं फिरताय, आमच्या पोरासाठी एखादी पोरगी बघा की." पोरगा चांगला आहे, निर्व्यसनी आहे, शेती आहे, तिशी आली, तरी लग्न जमत नाही. असं एक घर नाही, गल्लीगल्लीत आहे.

21 डिसेंबर 2022 ला आपल्याच जिल्ह्यात, सोलापूरला, लग्नाळू पोरांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला होता. टीव्हीवर बघून लोक हसले. ज्या आयांच्या घरात असा पोरगा आहे, त्यांना हसू आलं नसणार.

लोक म्हणतात, पोरींची अपेक्षा वाढली. आधी हिशोब बघू. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलांमागे 913 मुली होत्या. तीच मुलं आज लग्नाच्या वयाची आहेत. म्हणजे हजारामागे 87 मुली तेव्हाच कमी होत्या. 2011 ला तो आकडा 894 वर आला. ही मुलं लग्नाला येतील तेव्हा काय होईल, तुम्हीच बघा. ज्या पोरी जन्मालाच येऊ दिल्या नाहीत, त्या आता स्थळ म्हणून कुठून आणायच्या?

पण ज्या जन्मल्या, शिकल्या, त्यासुद्धा "शेतकरी नको" म्हणतात. का?

पाणी नाही म्हणून, असं आपण पटकन म्हणतो. आपला भाग दोन तोंडांचा आहे. वीर धरणातून येणाऱ्या नीरा उजव्या कालव्याखालची गावं हिरवी. ऊस आहे, सदाशिवनगर, माळीनगर, अकलूजला कारखाने आहेत, दारात दूध संकलन आहे. कालव्याच्या वरची, शिंगणापूरच्या डोंगराकडची गावं पावसावर. तिथं बाजरी, मका, मेंढरं आणि उन्हाळ्यात टँकरची वाट. आता गंमत बघा. पोरगी कालव्याखालच्या ऊसवाल्यालाही नको म्हणते आणि वरच्या जिरायतवाल्यालाही. मग नुसतं पाणी हे कारण कसं होईल?

मी स्वतः शेतकऱ्याची मुलगी आहे. आमच्या वयाच्या मुली बसलो की हेच बोलतो. कामाला कुणी भीत नाही. पुण्याला कंपनीत जाणारी पोरगीसुद्धा बारा तास राबतेच. पण महिन्याच्या शेवटी पगार तिच्या खात्यावर पडतो आणि पगारपत्रकावर तिचं नाव असतं. गावात मात्र ती लहानपणापासून आईला बघते. आई पाचला उठते. शेण, धारा, भाकरी, मग खुरपण, दुपारी वैरण, संध्याकाळी परत धारा. दुधाचं बिल बापाच्या नावावर. उसाचं बिल बापाच्या खात्यावर. आणि आईला माहेरी जायचं तर शंभर रुपये मागायला लागतात. हे बघून पोरगी ठरवते की आपल्याला हे नको. तिला माती नको असते असं नाही. तिला आईसारखं बिननावाचं राबणं नको असतं.

आता हात वर करायचे. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून किती जणींचं नाव आहे? बघा, बरेच हात वर आले. कारण 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं घरातली वयानं मोठी बाई कुटुंबप्रमुख धरली. आता, सातबाऱ्यावर नाव किती जणींचं आहे? ... दिसले ना हात? जेवढे आहेत, त्यातल्या बऱ्याच जणींचं नाव मालक वारल्यावर लागलेलं आहे. म्हणजे जमिनीवर नाव लागायला आधी कुंकू पुसावं लागलं.

नावानं काय होतं, असं विचाराल तर सगळं कागदावरच चालतं. पीककर्ज सातबाऱ्यावर. फार्मर आयडी सातबाऱ्यावर, आणि आता प्रत्येक योजनेला तो आयडी मागतात. आपल्या दारातून पालखी महामार्ग गेला. ज्यांची जमीन गेली, त्यांचा मोबदला ज्याचं नाव त्याच्या खात्यावर आला. त्या रानात तीस वर्षं खुरपलेल्या बाईला नोटीससुद्धा आली नाही, कारण कागदावर ती नव्हतीच.

मग करायचं काय? चार गोष्टी सांगते.

पहिली, सातबारा. शेतकरी संघटनेनं 1986 ला चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन घेतलं. पुढं शरद जोशींनी गावोगाव लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, की शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन करावी. 1992 मध्ये सरकारचं परिपत्रक निघालं. नवऱ्यानं अर्ज केला की त्याच्या हयातीतच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागू शकतं. मालकाचं नाव जात नाही, शेजारी तुमचं येतं. पीएम किसानचा हप्ता मात्र कुटुंबाला एकच राहतो. दोन मिळतील असं कुणी सांगितलं तर फसू नका.

दुसरी, घर. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला घर नवरा-बायको दोघांच्या नावानं लावता येतं. ग्रामसेवकांकडे अर्ज द्यायचा.

तिसरी, दूध. याला तर कायदाही लागत नाही आणि तलाठीही लागत नाही. जी धार काढते तिच्या नावानं डेअरीत खातं काढायचं. दोन म्हशी असतील तर एकीचं दूध तुमच्या नावावर घाला. दर दहा दिवसाला बिल खात्यावर यायला लागलं की घरातलं बोलणं बदलतं. गटाचा हप्ताही त्यातूनच जाईल, कुणापुढं हात नको.

चौथी गोष्ट अवघड आहे. हक्कसोड. 2005 च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत लेकीला मुलाइतकाच हक्क दिला. ऑगस्ट 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की 2005 ला बाप हयात नसला तरी तो हक्क आहे. तरी आपल्याकडं काय होतं? भाऊ गाडी पाठवतो, साडी घेतो, आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सही घेतो. माहेर तुटेल म्हणून आपण सही करतो. मी तुम्हाला भावाशी भांडा म्हणत नाही. एवढंच म्हणते की काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय, घरी एक रात्र विचार केल्याशिवाय सही करू नका.

यावर मला एक काकू म्हणाल्या, "मग माझी नणंदपण हिस्सा मागंल की." मागेल. खरं आहे. आपण एका घरची लेक आणि दुसऱ्या घरची सून आहोत. माहेरी एक न्याय आणि सासरी दुसरा, असं चालणार नाही. हे आपल्यालाच आपल्यात बोलून सोडवायला लागेल, आणि त्यासाठी गटाइतकी चांगली जागा दुसरी नाही.

कुणी म्हणेल, नाव लावलं की लगेच पोरगी मिळेल का? नाही. तिला एसटी वेळेवर पाहिजे, दवाखाना पाहिजे, शिकलेल्या शिक्षणाला काम पाहिजे. पण ज्या घरात सासूचंच नाव कुठं नाही, त्या घरात आपलं काय असेल, हे ती बरोबर ओळखते. मला पण विचारतात, "तुम्ही करशाल का शेतकरी?" माझं उत्तर ठरलेलं आहे. करीन. पण बघायला येताना त्यानं आपल्या आईचं नाव असलेला सातबारा घेऊन यावं.

तेव्हा आज ठराव करू. पुढच्या महिन्याच्या मीटिंगला प्रत्येकीनं घरचा सातबारा, घराचा उतारा आणि दुधाचं बिल आणायचं. डिजिटल सहीचा सातबारा सरकारच्या साईटवर 15 रुपयांत निघतो. सीआरपी ताईंनी प्रोसिडिंगमध्ये प्रत्येक सभासदाच्या नावापुढं तीन रकाने आखायचे: जमीन, घर, दूध. जिथं नाव आहे तिथं बरोबरची खूण, नाही तिथं रिकामं सोडायचं. पुढच्या वार्षिक सभेत बचतीच्या आकड्याबरोबर या खुणांचाही आकडा वाचायचा. सुरुवात दुधापासून करा, ते सगळ्यात सोपं आहे.

मंजूर असेल तर सूचक आणि अनुमोदक ताईंनी हात वर करावेत. जय सावित्री!