दिवाळी ते होळी
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



दोन मिनिटं बोला म्हणाले, पण नाटकवाल्याच्या हाती माईक दिला की काय होतं ते तुम्ही जाणताच!

माझं गाव चोरखमारा, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून. दिवाळीनंतर मंडई भरू लागली की आमच्या झाडीपट्टीत नाटकं सुरू होतात, ती थेट होळीपर्यंत. रात्री पडदा उघडतो, घरी जाताना कोंबडा आरवतो. धानाचा पैसा हाती आलेला शेतकरी तिकीट काढून, कुटुंबासकट बसतो. वडसा म्हणजे या नाटक कंपन्यांचं माहेर. 2023 साली झाडीपट्टीचे नट डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा मी टीव्हीसमोर चक्क रडलो.

कारण सहा सीझन मीही केले. पैसे प्रयोगाप्रमाणे. पावसाळ्यात प्रयोग नाहीत, मग रोवणीला जायचो. शेवटी बाबांनी हात जोडले, मी नोकरी धरली. पस्तावलो असं नाही. हा फ्लॅट त्याच नोकरीचा. पण मंडईचे दिवस आले की अजून झोप लागत नाही.

आता आपल्याच इमारतीतली एक मुलगी नाटकच शिकणार म्हणते. तिचे आईवडील मला विचारायला आले. म्हटलं, जाऊ द्या. पण काम नसलेल्या महिन्यांचा खर्च कशातून निघेल, ते तिच्यासोबत बसून कागदावर मांडा. आमच्या घरी ते कोणी केलं नाही. मीसुद्धा नाही.

गणपतीत तिचा एकपात्री प्रयोग आहे. पुढच्या रांगेत बसा, आणि मोबाईल बंद ठेवा बरं का!