‘आई, तू बाबांशीच लग्न का केलेस?’



पाच-सहा वर्षांचे मूल एखाद्या लग्नाहून घरी येते आणि विचारते, “आई, तू बाबांशीच लग्न का केलेस?” घरातली चार मोठी माणसे हसतात. एखादी मावशी म्हणते, “तुलाही आणू हो छानशी नवरी!” मूल ओशाळते आणि विषय तिथेच मिटतो. दुसऱ्या घरी “गप्प बस, लहान मुलांनी असे विचारायचे नसते” असे ऐकावे लागते. हसणे काय अथवा दटावणे काय, मूल तो प्रश्न पुन्हा घरात काढीत नाही. मग त्याचे उत्तर मालिका देतात, आणि आता हातातला मोबाईल देतो.

पूर्वी या शिक्षणाची सोय भातुकलीत होती. पडवीत बाहुला-बाहुलीचे लग्न लागे, वरपक्ष रुसे, चुरमुऱ्यांची पंगत उठे. मोठ्यांचा संसार मुले जसाच्या तसा उतरवीत; आईचा त्रासलेला स्वर आणि बाबांचा राग, दोन्ही त्यात येत. आज नवीन पनवेल-खारघरच्या सदनिकांत भातुकलीची पेटी माळ्यावर गेली असेल, पण मुलांचे पाहणे थांबलेले नाही. सकाळच्या लोकलने गेलेले बाबा रात्री परततात, तेव्हा दमलेल्या आईची चौकशी ते करतात की नाही, हे मूल पाहत असते. प्रेमाचा पहिला पाठ त्याला तिथेच मिळतो. आई-बाबांचे भांडण झाले, तर ते मिटल्याचेही मुलाला दिसू द्यावे.

लहान मुलाला फार सांगावे लागत नाही. विवाहविधीत सप्तपदीच्या सातव्या पावलाला सख्याचे नाते सांगितले आहे. मैत्री तर बालवाडीतल्या मुलालाही कळते. “आम्ही एकमेकांचे मित्र झालो आणि आयुष्यभर एकमेकांची काळजी घ्यायचे ठरवले,” एवढे उत्तर त्या वयाला पुरते. ज्या घरात आई किंवा बाबा हयात नाहीत, अथवा वेगळे राहतात, तिथेही खरे तेच सौम्य शब्दांत सांगावे. दोष आपला आहे असे लहान मूल सहज मानून बसते. तसे नाही, हे त्याला स्पष्ट सांगायला हवे.

आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी मात्र गोष्ट हवी, आणि ती पनवेलकरांच्या दाराशीच आहे. कर्नाळ्याकडे जाताना शिरढोण लागते. आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी येथे झाला. प्रथम पत्नीच्या निधनानंतर त्यांचा विवाह गोपिकाबाईंशी झाला. बायकांनी अक्षर गिरवणे हेच पाप मानले जाई, त्या काळात त्यांनी पत्नीला लिहिणे-वाचणे शिकवले, घोड्यावर बसणे आणि बंदूक चालवणेही शिकवले, असे चरित्रकार सांगतात. संसार म्हणजे एकमेकांना मोठे करणे, हे मुलाला यातून व्याख्यानावाचून समजते.

पण मूल इथे थांबणार नाही. “गोपिकाबाई तेव्हा केवढ्या होत्या?” असे ते विचारील. त्या काळच्या रीतीप्रमाणे वधू लहानच असे, हे लपवू नये. ती रीत मुलींवर अन्याय करणारी होती, हे मान्य केल्याने क्रांतिवीराचे मोठेपण तिळभरही उणावत नाही. १९२९च्या शारदा कायद्याने मुलीचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ ठरवले. १९७८मध्ये ते १८ आणि २१ झाले, हेही जाता जाता सांगावे.

त्याहून अवघड प्रश्न पुढचा. “मग ते तिला सोडून का गेले? त्यांचे प्रेम नव्हते का?” १८७९मध्ये फडके पकडले गेले, जन्मठेपेवर एडनला धाडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच त्यांनी देह ठेवला. मागे उरलेल्या गोपिकाबाईंचे काय झाले असेल, याचा विचार जयंतीच्या भाषणांत क्वचितच येतो. तो मुलाला सुचला, तर घाईने “देशासाठी” एवढे म्हणून गोष्ट आवरती घेऊ नये. तिलाही वाईट वाटले असेल, त्यालाही वाटले असेल, असे म्हणून थोडा वेळ त्याच्याबरोबर गप्प बसावे.

या साऱ्यात एक व्यावहारिक सावधगिरीही आहे. शेजारच्या मुलीशी खेळणाऱ्या मुलाला “तुझी बायको” म्हणून चिडवणे बंद व्हावे. नकोसा पापा कोणाला देण्याची, अगदी नातलगांनाही, मुलावर सक्ती नसावी. लैंगिक अत्याचारापासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा २०१२मध्ये झाला, पण त्याच्यापर्यंत तक्रार पोहोचण्याआधी मुलाला आईपाशी बोलता आले पाहिजे. ‘प्रेम’ हा शब्द उच्चारताच जिथे आवाज चढतो, त्या घरात कोणी नको तिथे हात लावल्याचे ते कोणत्या तोंडाने सांगेल?

उत्तर तत्काळ न सुचणे यात कमीपणा नाही. “उद्या रात्री जेवताना सांगते,” असे म्हणावे. आणि दुसऱ्या दिवशी जेवताना दूरचित्रवाणी बंद करून, मुलाने आठवण करून देण्यापूर्वीच, तो विषय आपण काढावा.